तळमजलेकरांची हिवाळी बाग

चिखलोलीत घर घेणारे दोन तऱ्हेचे असतात. एक, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये होऊ घातलेल्या स्टेशनच्या भरवशावर घेणारे. आणि दुसरे, तळमजल्याच्या खिडकीबाहेरच्या चार हात जमिनीच्या भरवशावर घेणारे. या दुसऱ्यांना आपण तळमजलेकर म्हणू. नुकतेच निवृत्त, अंगात हाफ स्वेटर, बदलापूरचा पारा घसरल्याची बातमी वाचून चढवलेली माकडटोपी आणि हातात झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली. जमीन इमारतीच्या उत्तरेला. तिच्यात पाया खणताना निघालेला मुरूम, त्यावर बिल्डरने दाखवण्यापुरती पसरलेली लाल माती, मध्येच ड्रेनेजचं झाकण आणि वरच्या सहा मजल्यांनी सढळ हाताने दान केलेले कपड्यांचे चिमटे. एवढ्या भांडवलावर ऐन थंडीत फुलांचा ताटवा उभा करायचा, आणि तोही दरवर्षी आपला आपण फुलणारा, असा त्यांचा संकल्प असतो. सोसायटी या संकल्पाला हसते. पण हसायचंच तर संकल्पाला हसू नये; झाडं निवडण्याच्या पद्धतीला हसावं.

तळमजलेकरांचं बागशास्त्र मोबाईलवर शिकलेलं असतं. विलायतेत बर्फातून डोकं वर काढणारा हेलेबोर त्यांनी पाहिलेला असतो. झाडाखालच्या सावलीत, भर हिवाळ्यात, वर्षानुवर्षं फुलणारं झाड! मग आपल्याकडे का नाही? कारण साधं आहे. तिकडे थंडीत डोक्यावरच्या झाडांची पानं गळतात आणि खालच्या जमिनीला नेमका हिवाळ्यातच उजेड मिळतो. चिखलोलीच्या सातमजली इमारतीची पानगळ होत नाही. उलट आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीसुद्धा इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी उत्तरेला पडते. मे-जूनमध्ये थोडंफार ऊन चाखणारा हा पट्टा नेमका थंडीत उन्हाला पारखा होतो. म्हणजे विलायतेची कृती इथे फक्त निरुपयोगी नाही, ती चक्क उलटी आहे.

हेलेबोर मिळत नाही म्हणून तळमजलेकर नर्सरीतून फुललेली शेवंती आणतात. शेवंतीला ऊन लागतं हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते कुंडीला सकाळी गेटपाशी आणि दुपारी पार्किंगमध्ये फिरायला नेतात. पण शेवंतीला उन्हाइतकाच अंधारही लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या धरतात; रात्रभर उजेड असला की तिच्या लेखी उन्हाळाच चालू राहतो. फूलशेती करणारे हंगाम लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात. तळमजलेकरांच्या सोसायटीने हेच काम चोरांच्या भीतीने, कुंपणावर हॅलोजन लावून, फुकट करून ठेवलेलं असतं. पुढच्या वर्षी कळी दिसत नाही, म्हणून तळमजलेकर कांद्याच्या सालांचं पाणी घालतात, चहाचा चोथा घालतात आणि मग पुन्हा पाणी घालतात. थंडीत, सावलीत, मुरमाच्या खड्ड्यात साचलेलं हे पाणी वाळायचं कसं? शेवंती मरते ती उपासाने नव्हे, पाहुणचाराने.

दरम्यान कुंपणाच्या पलीकडे, कुणीही न लावलेली कोरांटी पिवळीधमक फुललेली असते. काट्यांच्या बगलेतून निघालेलं, दोन लांब पुंकेसर बाहेर काढून बसलेलं, हात लागताच गळणारं फूल. सह्याद्रीच्या झाडीत, झाडांच्या बुडाशी, याच दिवसांत दशमुळी निळी फुलते आणि कोमेजताना गुलाबी होते. अडुळसाही थंडीतच पांढरा होतो. अबोलीला तर विरळ सावली मानवतेच. गंमत म्हणजे ही चारही अ‍ॅकँथेसी या एकाच कुळातली. पावसाळ्यात अंग धरायचं आणि पाऊस सरल्यावर फुलायचं, हे यांच्यातल्या बहुतेकांचं वेळापत्रक, चारही बहुवर्षायू. तळमजलेकरांना जे हवं आहे ते सगळं यांच्यात आहे. फक्त किमतीची चिठ्ठी नाही.

यावर पहिला आक्षेप खुद्द तळमजलेकरांचाच असतो: कोरांटी गावठी दिसते. दिसते खरी, पण मेलेल्या शेवंतीपेक्षा जिवंत कोरांटी केव्हाही देखणी. अगदीच काळोखा कोपरा असेल तर तिथे फूल कमी येईल हेही मान्य. म्हणून समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परततो तिथे कोरांटी लावावी आणि आतल्या अंगाला दशमुळी. दुसरा आक्षेप सोसायटीच्या सेक्रेटरींचा: या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवले तर चार स्कूटर राहतील. राहतील ना. पण पावसाचं पाणी मुरायला आवारात तेवढीच उघडी जमीन उरली आहे, आणि ती उघडी राहिली ती एका माकडटोपीच्या हट्टामुळे. तेव्हा त्यांच्या हट्टाला हात लावू नये, त्यांची यादी मात्र बदलावी. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कोरांटीची फांदी खोचा, पाण्याची बाटली घरात ठेवा आणि रात्री तो हॅलोजन रस्त्याकडे वळवा.