किंबर्ली : कर्नल सरकारचा, गाव कंपनीचे

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या हिऱ्यांच्या शहराला बोअर (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) सैन्याने १४ ऑक्टोबर १८९९ रोजी वेढा घातला. संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिश लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट केकेविच यांच्याकडे होती. बाकी सगळे डी बीअर्स या खाण कंपनीकडे होते. पाणी कंपनीच्या खाणीतले, कारखाना कंपनीचा, कर्नलसाहेबांचा टेहळणीचा मनोराही कंपनीच्याच खाणीवर. वेढ्यात एरवी दोनच पक्ष असतात. इथे तिसरा होता : भागधारक.

कंपनीचे सर्वेसर्वा सेसिल ऱ्होड्स वेढ्याच्या तोंडावर मुद्दाम शहरात दाखल झाले. ‘येऊ नका’ ही नगराध्यक्षांची विनंती त्यांनी मनावर घेतली नाही. मग ‘सुटका कधी?’ असा तगादा लावणारे निरोप लष्कराला वगळून थेट केपटाऊनला जाऊ लागले. ब्रिटिश साम्राज्याची फौज म्हणजे मुदत चुकवणारा कंत्राटदार, असा एकंदर सूर होता. सुटकेला निघालेले ब्रिटिश जनरल मेथ्यूएन ११ डिसेंबरला मागर्सफॉन्टेन येथे सपाटून हरले, तेव्हा हा सूर आणखी चढला.

कंपनीचे उपकार मात्र खरे होते. अभियंता जॉर्ज लॅब्रॅम याने खाणीच्या कारखान्यात ‘लाँग सेसिल’ ही तोफ घडवली. गोळ्यांवर ऱ्होड्स यांच्या आद्याक्षरांनी ‘सी. जे. आर. यांच्या शुभेच्छांसह’ असे कोरलेले असे. शत्रूलाही देणगीदाराचे नाव कळायला हवे. बोअरांनी त्याहून मोठी तोफ आणून उत्तर दिले आणि ९ फेब्रुवारी १९०० रोजी तिच्या गोळ्याने लॅब्रॅमच ठार झाला.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राने लष्करी नियंत्रण झुगारून लष्करावर जळजळीत अग्रलेख छापला. ऱ्होड्स केकेविच यांच्या अंगावर धावून गेल्याचेही सांगितले जाते. गरज पडल्यास ऱ्होड्स यांना अटक करा, अशी मुभा सरसेनापती रॉबर्ट्स यांनी दिली. पण ज्याचे पाणी प्यायचे, त्याला कोठडीत घालणार कोण? अटक झाली नाही.

कंपनीच्या कुंपणाआड कोंडलेल्या हजारो आफ्रिकी मजुरांची बाजू या भांडणात कोणीच मांडली नाही. स्कर्व्हीने त्यांच्यातले शेकडो मेले.

१५ फेब्रुवारीला ब्रिटिश जनरल फ्रेंच यांच्या घोडदळाने वेढा उठवला. त्यांचे स्वागत ऱ्होड्स यांनी कंपनीच्या हॉटेलात केले. चार महिने शहर राखणारे केकेविच बाजूलाच पडले. १९०२ मध्ये ऱ्होड्स वारले, तेव्हा शवपेटी ‘लाँग सेसिल’च्याच गाड्यावरून नेली. कंपनीचा माल शेवटपर्यंत मालकाच्याच कामी आला.