‘स्वभावाला औषध नाही’च्या जनकास अनावृत पत्र

श्री. रा. रा. ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीचे अज्ञात कर्ते यांसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपलं नाव कुठल्याही म्हणीसंग्रहात सापडलं नाही, पत्ताही नाही. तरी पत्र पोचेलच, कारण आपला मुक्काम घरोघरी असतो. जेवणाच्या वेळी तर हमखास.

पत्रास कारण, आभार. तीन शब्दांत आपण जितक्या माणसांना निर्दोष सोडलंत, तितक्यांना कुठल्या न्यायाधीशाने सोडलं नसेल. आमटीत मीठ कमी पडतं, ताट भिंतीवर जातं, मुलं मुकाट्याने आतल्या खोलीत सरकतात आणि माजघरातून आपला निकाल जाहीर होतो. साक्षीपुरावा नको, उलटतपासणी नको. भिंत कोणी पुसायची हे आपण सांगून ठेवलं नव्हतंत, पण घरातल्या बायकांनी ते न सांगता ओळखलं.

आपल्या म्हणीतल्या स्वभावाची हुशारी मात्र मानली पाहिजे. घरात ताट भिरकावणारा, जमदग्नीचा अवतार असलेला हाच गृहस्थ कचेरीत साहेबांनी सगळ्यांदेखत फाइल फेकली तर ती वाकून उचलतो, वर ‘सॉरी सर’ म्हणतो. म्हणजे ज्याला औषध नाही त्याला समोरच्याची पायरी बरोबर कळते. असा चतुर आजार वैद्यकात दुसरा नसेल.

आपला न्याय सर्वांना सारखा नाही, हेही आपण दिलदारपणे पत्करलंत. सासऱ्यांचा राग हा स्वभाव. सुनेचा राग हे माहेरचे संस्कार. त्याबद्दल तमाम सासऱ्यांतर्फे आभार.

आपले धाकटे बंधू ‘तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ’ यांनाही नमस्कार सांगावा. आणि अशा माणसाला हमखास दिली जाणारी उपमा, तो फणस. बाहेरून काटे, आत गोड गरे. वा! गरे काढायचे तर हाताला तेल लावावं लागतं, नाहीतर चीक निघता निघत नाही. बायकोमुलांनी जन्मभर हाताला तेल लावून बसायचं, एवढीच काय ती अट.

‘एकदा बोलून टाकलं की मोकळं होतो माणूस’ हाही आपल्याच घराण्यातला विचार ना? तो ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तपासून पाहिला. 2002 साली छापलेल्या त्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून, पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे मोकळे होण्याऐवजी जास्त पेटले. नुसते बसलेले त्यांच्याहून शांत निघाले. अमेरिकेतला प्रयोग, आपण मनावर घेऊ नये.

रागाचं ठीक आहे, तो निदान ऐकू तरी येतो. आपले खरे उपकार आहेत ते उदास माणसावर. मुलगा महिनोन् महिने कोणाशी बोलत नाही, तो घुमा. मुलगी कारण नसताना रडते, ती रडूबाई. बाईला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, ती आळशी. पुरुषाला कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर तो आतल्या गाठीचा. प्रत्येकासाठी एकेक नाव तयार, की डॉक्टरकडे जायचा प्रश्नच उद्भवू नये. आणि तोच उदास पुरुष चिडचिड करू लागला, की आपण त्याला पुन्हा रागीटांच्या रांगेत उभं करता. निराशेचा आजार अनेकदा चिडचिडीचं सोंग घेऊन येतो, मागे अपुरी झोप किंवा बिघडलेलं थायरॉइडही असू शकतं. पण रक्त तपासायला सुई टोचावी लागते. आपल्या निदानाला तेवढाही त्रास नाही.

आता एक नाजूक विषय. ‘औषध नाही’ असं आपण म्हणालात तेव्हा खरोखरच नसेल, तो दोष आपला नव्हे. पण 1952 साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहिलं, आणि खंगलेली माणसं वॉर्डात हसू-खेळू लागली. औषध फुप्फुसांसाठी दिलेलं, पालटलं मन! पुढे पाचच वर्षांत तेच औषध निराशेवर वापरात आलं, आणि त्यानंतर त्याहून कितीतरी सुरक्षित गोळ्या आल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या म्हणीचा गुण ताबडतोब येतो, हे मान्य.

शिवाय गोळी हे एकच औषध नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास दुसरंच काढलं: घटनेमुळे माणूस पेटत नाही, घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो त्यामुळे पेटतो. आमटी अळणी आहे, इतकंच असतं तर मीठ वाढून घेता येतं; ‘माझ्या घरात मला साधी आमटी धड मिळू नये?’ इथे ताट उडतं. ही विवेकनिष्ठ पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच भाषेत शिकवली जाते. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, कधी त्या बाजूला आलात तर पाहून यावं.

मीही सध्या एका समुपदेशक बाईंकडे जातो. त्यांनी मला वही ठेवायला लावली आहे. काय घडलं, मनात काय आलं, मी काय केलं. पारा चढू लागला की कान तापतात, तेव्हाच ‘अर्ध्या तासात येतो’ असं सांगून उठायचं, आणि खरोखर अर्ध्या तासात यायचं. न सांगता दार आपटून जाणं यात मोजत नाहीत. उदास दिवशी उलट: मन लागण्याची वाट न पाहता आधी आंघोळ, मग कोपऱ्यावरून कोथिंबीर. मन मागून येतं, कधी येत नाही, वहीत तेही लिहायचं. फार कटकटीचं काम आहे हो. आपल्या म्हणीत गृहपाठ नाही, म्हणून तर ती इतकी लोकप्रिय!

आपली म्हण मुक्ताबाईला कोणी कशी सांगितली नाही, याचं नवल वाटतं. लोकांच्या वागण्याला विटून ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. ‘दादाचा स्वभावच तसा’ म्हणून ती स्वयंपाकाला लागली असती, तर बिचारीचे ताटीचे अभंग वाचले असते. पण वयाने लहान ती, दाराशी बसून मोठ्या भावाची समजूत घालत राहिली.

असो. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा निराशेच्या आजारातल्या सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. डॉक्टरांची टंचाई, पैसा, अंतर, लाज, अशी कारणं तज्ज्ञ सांगतात. आपल्या कार्याचा उल्लेख नसतो. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, नाहीतर मी आपल्या वाट्यासाठी भांडलो असतो.

आपण दमला असाल. पिढ्यान् पिढ्या, सुट्टी न घेता, एकाच वाक्यावर. आता निवृत्ती घ्यावी, ही विनंती. निरोप समारंभाला आम्ही सगळे येऊ. भिंती पुसणाऱ्या बायका पहिल्या रांगेत असतील.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक औषध घेणारा

ता. क. : सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी सुरू केली आहे. क्रमांक 14416, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. आपल्याला त्याचा उपयोग नाही, ठाऊक आहे. पण आपल्या खांद्यावरून कोणी हे पत्र वाचत असेल, तर कागद जरा त्यांच्या बाजूला कलता धरावा.