निवड समिती, मुक्काम निपाणी

रणजी करंडकात कर्नाटक-महाराष्ट्र सामना लागला, की निपाणीच्या चहाच्या टपऱ्यांवरचे कामकाज पाहण्यासारखे असते. बंगळूर आणि पुण्याच्या निवड समित्यांना फक्त अकरा खेळाडू निवडायचे असतात. निपाणीकराला आधी राज्य निवडावे लागते.

त्याला अधिकृत आधारही आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला सुचवली, बेळगाव मात्र तेव्हाच्या म्हैसूरकडेच ठेवले. तेव्हा शिफारशींचा मान राखून निपाणीकराने ऋतुराज गायकवाडला सलामीला पाठवावे, बेळगावकराने मयंक अगरवालला, आणि मधल्या संकेश्वरने पंचगिरी करावी. निर्णय पटला नाही तर सर्वोच्च न्यायालय आहेच. सीमाप्रश्नाचा दावा तिथे २००४ पासून आहे. त्यात एका पायचीतच्या अपिलाची भर पडली म्हणून काय बिघडले?

२०१४ मध्ये हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने महाराष्ट्राला सात गडी राखून हरवले. एकाच सामन्यात जिंकण्याचा आणि हरण्याचा विक्रम तेव्हा इथल्या चाहत्यांनी केला: घरपट्टीच्या पावतीप्रमाणे विजय, मनाप्रमाणे पराभव.

एक शंका तेवढी टपरीवर काढू नये. उद्या निपाणी महाराष्ट्रात गेलीच, तर खेळणार कुठल्या महाराष्ट्राकडून? १९६० मध्ये राज्य एक झाले, पण रणजीत मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र अजून एकमेकांविरुद्धच उतरतात.

समितीने यावर चौथ्या संघाचा ठराव एकमताने मंजूर केला आहे. कर्णधार निपाणीचा की बेळगावचा, एवढाच वाद उरला असून त्यासाठी आयोग नेमावा, अशी मागणी आहे.