यती हलत नाही, भाव हलतो

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ एक यती राहतो. अंगभर केस, विक्राळ जबडा, उगारलेला हात. तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये २००६ साली ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही राइड सुरू झाली, तेव्हा हा यती खरोखर तुमच्या गाडीवर झडप घालायचा. थोड्याच महिन्यांत त्याची यंत्रणा बिघडली. तेव्हापासून तो नुसता हात उगारून उभा आहे. त्याच्यावर लुकलुकता दिवा सोडतात, म्हणजे तो हलतोय असं वाटावं. चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. राइडचा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला होता. तिचे शिल्पकार जो रोडी यांनी २०१३ मध्ये भर सभेत शब्द दिला, की एक ना एक दिवस मी याला दुरुस्त करीन. २०२१ च्या सुरुवातीला रोडी निवृत्त झाले. यती आहे तसाच आहे. वर्षानुवर्षं हात उगारून उभं राहायचं आणि करायचं काहीच नाही, हे काम आपल्याकडे विरोधी पक्ष करतो. तिथे त्यासाठी यती नेमला आहे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बिघडलं का, असा खटला उभा राहिला की पहिला साक्षीदार म्हणून यतीलाच पिंजऱ्यात उभं करतात. आणि हा खटला सतत चालू असतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही चालतो. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, की नायगारा आणि ऑरलँडो ठरलेलं. मग लेक म्हणते, “आम्ही लग्नानंतर आलो होतो तेव्हा काय होतं, बाबा! आता पूर्वीसारखं राहिलं नाही.” बाबांना पूर्वीचंही ठाऊक नसतं आणि आत्ताचंही दिसत नसतं. ते सावली शोधत असतात.

‘पूर्वीसारखं’ म्हणजे नक्की कधीसारखं, हे मात्र कुणी सांगत नाही. तक्रारदारांचा एक पंथ १९९८ साली बंद झालेल्या ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’चं सुतक अजून पाळतो. ती वाचावी म्हणून लोकांनी टी-शर्ट छापून निदर्शनं केली होती. ही राइड लहान मुलांची, आणि शेवटी गाडी आगगाडीवर आदळून सरळ नरकात जायची. तिच्या जागी विनी द पू आलं, मध खाणारं गोड अस्वल. मुलांना नरकातून काढून मधाच्या बरणीपाशी नेलं, तर याला अधोगती म्हणतात. दुसरा पंथ ‘हॉरायझन्स’ या बंद झालेल्या राइडसाठी रडतो, तिसरा पाणबुड्यांच्या राइडसाठी. पाणबुड्या १९९४ मध्ये थांबल्या आणि त्यांचं तळं पुढची दहा वर्षं तसंच साचून होतं. रडणाऱ्यांनी ते बघून घ्यायला हवं होतं.

खरं तर ऱ्हासच मोजायचा, तर तो उद्घाटनाच्या आधीपासून मोजा. वॉल्ट डिस्नेला फ्लोरिडात जत्रा भरवायची नव्हती, शहर वसवायचं होतं. वीस हजार वस्तीचं, मोटारी जमिनीखाली घालणारं, उद्याचं शहर. त्याचं नाव एपकॉट. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेला. निवृत्तीला आलेला थोरला भाऊ रॉय कामाला जुंपला, त्याने १ ऑक्टोबर १९७१ ला दार उघडलं आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. एपकॉट १९८२ मध्ये उघडलं, पण शहर म्हणून नाही, प्रदर्शन म्हणून. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं. मेक्सिको आहे, मोरोक्को आहे, कॅनडासुद्धा आहे. भारत नाही. नॉर्वेच्या दालनात पूर्वी व्हायकिंग आणि राक्षस दाखवणारी होडी होती. २०१६ पासून तिथे ‘फ्रोझन’च्या एल्साचं राज्य आहे, म्हणजे नॉर्वेत नसलेलं गाव नॉर्वेतच वसवलं. आपल्याला मात्र त्यांनी ॲनिमल किंगडममध्ये ‘आनंदापूर’ दिलं आहे. हेही नकाशावर नाही. महाराजांच्या पडक्या शिकारवाड्यात वाघ, भिंतींना पोपडे, रंग उडालेल्या पाट्या. हे पोपडे रंगवून आणलेले आहेत. जुनाटपणा नवाकोरा ठेवायला तिथे पगारी माणसं असतात. आता अशा जागेची रया गेली आहे की नाही, हे ओळखायचं तरी कसं?

तेव्हा रंग, पोपडे, यती आणि मिस्टर टोड हे सगळं बाजूला ठेवू. नव्या राइड चांगल्या आहेत. २०१९ अखेर आलेली ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ आणि २०२२ ची ‘कॉस्मिक रिवाइंड’ या दोन्ही बघून आलेला माणूस ‘जुनं ते सोनं’ म्हणत असेल, तर त्याने सोन्याचा आजचा भाव बघावा. २०२५ मध्ये कंपनीने मॅजिक किंगडम पार्कमधली १९७१ पासूनची नदीही बंद केली. तिथे आता ‘कार्स’ चित्रपटातल्या मोटारी येणार. नदी घालवून मोटारींना जागा करायची, हा शोध फक्त आपल्या नगरपालिकांचा असा माझा इतकी वर्षं समज होता.

बिघडली आहे ती रांग.

१९७१ मध्ये मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट साडेतीन डॉलर होतं. आजच्या भावात सत्तावीस-अठ्ठावीस धरा. आत गेल्यावर प्रत्येक राइडचं कूपन वेगळं, ए पासून ई पर्यंत. ‘ई’ सर्वांत भारी, नव्वद सेंटचं. १९८२ मध्ये कूपनं गेली. एकदा तिकीट काढा, मग सगळं खुलं. तिथून पुढे काही दशकं एक गंमत होती, की वकील असो की वकिलाचा ड्रायव्हर, आत सगळे एकाच उन्हात एकाच रांगेत घामाघूम होत. १९९९ मध्ये फास्टपास आला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळेला यायचं. तोही फुकट आणि सर्वांना. अमेरिकेत इतका समाजवाद एका उंदराने आणला होता, हे तिथल्या कुठल्याही पक्षाच्या लक्षात आलं नाही.

कंपनीच्या मात्र आलं. महासाथीत पार्क बंद झालं, फास्टपास गेला तो परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून तीच सोय दिवसाला पंधरा डॉलर घेऊन विकायला काढली. पुढे नाव बदललं, भावही चढत गेला. सर्वांत लोकप्रिय राइडना तर वेगळाच दर, गर्दीच्या दिवशी एका माणसाला एका फेरीचे वीस डॉलर आणि वर. म्हणजे नव्वद सेंटचं ‘ई’ कूपन परत आलं, फक्त कागदावरून फोनमध्ये गेलं. जुन्या काळासाठी झुरणाऱ्यांना जुना काळ मिळाला आहे. दर तेवढा नवा आहे.

या धंद्याची खुबी राइडच्या तोंडाशी दिसते. दोन रांगा जिथे मिळतात, तिथे एक कर्मचारी हसतमुखाने उभा असतो. पैसेवाल्या रांगेतले बरेच जण सोडतो, मग फुकटवाल्यांतले थोडे, मग पुन्हा तिकडचे. त्यामुळे फुकटची रांग रखडते. रखडली की लोक पास घेतात. पास घेतले की ती आणखी रखडते. लांब रांग हा आता व्यवस्थापनाचा दोष राहिला नाही, तो विक्रीचा माल झाला. ती आखूड करणारा अधिकारी सापडलाच, तर त्याला बढती मिळणार नाही.

आपण यावर फार नाक मुरडू नये म्हणा. शिर्डीला सशुल्क पास काढून आपण बाबांपुढे लवकर पोचतो आणि मागे राहिलेल्यांकडे करुणेने बघतोही. फरक इतकाच, की फुकटच्या रांगेतल्यालाही तिथे शेवटी दर्शन मिळतं. इथे दीड तास उभं राहिल्यावर भोंग्यावरून गोड आवाज सांगतो, की राइड तूर्त बंद आहे.

बाकीचे चिमटे किरकोळ, पण हिशेबात आहेत. विमानतळावरून हॉटेलात नेणारी फुकट बस २००५ पासून होती. सामानही परस्पर खोलीत पोचायचं. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली. २०१८ पासून त्यांच्याच हॉटेलात उतरलेल्यांकडून गाडी उभी करायचेही पैसे घेत होते. ते २०२३ मध्ये बंद केले, आणि त्याचं कौतुक व्हावं अशी अपेक्षा होती. झालंही. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. २०२२ च्या नाताळात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट १८९ डॉलरवर गेलं, आणि तिथेच थांबेल असं कुणी समजू नये. मूल दहा वर्षांचं झालं की तिकिटापुरतं ते प्रौढ. अमेरिकेत मत द्यायला अठरा लागतात, बिअरला एकवीस. डिस्नेला दहा पुरतात.

आणि सुट्टी? ती फोनवर असते. पासचं बुकिंग काही दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला उघडतं. घरचा कर्ता पुरुष सहा पंचावन्नला गादीवर उठून बसतो, सूनबाई दुसऱ्या फोनवर, आणि सात वाजून एक मिनिटाने दोघांत या सहलीतलं पहिलं भांडण होतं. दिवसभर किल्ल्याकडे पाठ, पडद्याकडे तोंड. आई विचारते, “आपण आता कुठे जायचं?” चिरंजीव म्हणतात, “थांब, ॲप सांगेल.”

कंपनीला हे कळत नाही असं नाही. तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मार्च २०२३ मध्ये गुंतवणूकदारांपुढे कबूल केलं, की नफ्याच्या उत्साहात आम्ही दर जरा जास्तच रेटले असावेत. लोकांना हायसं वाटलं. २०२४ च्या शरदात ‘प्रीमियर पास’ आला. पैसेवाली रांग असलेल्या सगळ्या राइडना एकेकदा थेट प्रवेश, वेळ ठरवायची कटकट नाही. मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या दिवशी एका माणसाला ४४९ डॉलर. प्रवेशाचं तिकीट वेगळं. पश्चात्तापाचा हा दर असेल, तर मूळ पापाचा काय असेल?

लोक कमी झाले का, म्हणाल तर थोडे. जाणकारांच्या अंदाजात मॅजिक किंगडमला २०१९ मध्ये दोन कोटी नऊ लाख माणसं आली, २०२३ मध्ये पावणेदोन कोटींच्या थोडी वर. पण कंपनीच्या पार्क आणि जहाजांच्या विभागाने २०२४ च्या आर्थिक वर्षात नऊशे कोटी डॉलरच्या वर नफा दाखवला, तोवरचा उच्चांक. माणसं कमी, पैसा जास्त. गल्ल्यावर बसलेल्याने याला ऱ्हास का म्हणावं? तक्रार करणारे तक्रार करून घरी जातात आणि पुढच्या वर्षीचं बुकिंग करतात. काही जण तर तक्रार तिथल्याच रांगेत उभं राहून करतात, पैसेवाल्या रांगेत.

एकदाच लोकांनी पाकीट मिटलं. मार्च २०२२ मध्ये ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ नावाचं हॉटेल उघडलं. स्टार वॉर्सच्या अवकाशयानात दोन रात्री, शंभर खोल्या, खिडकीबाहेर खोटं अंतराळ. दोघांना साधारण ४८०० डॉलर. राहून आलेले भारावून गेले होते, पण राहायला जाणारेच संपले. दीड वर्षात, सप्टेंबर २०२३ अखेर, यान कायमचं उतरलं. म्हणजे आपल्या सहनशीलतेला छप्पर आहे, हे कळलं. ते जोडप्यामागे ४८०० वर आहे, आणि त्याच्या खाली कंपनीला अजून बरीच जागा शिल्लक आहे.

तेव्हा जाणाऱ्यांना इतकंच सांगणं. जायचंच आहे, तर नातू नऊ वर्षांचा आहे तोवर जा. तिकिटात चार-पाच डॉलर वाचतात, आणि तेवढ्यात आत पाण्याची एक बाटली येते. पण बाटली घेऊ नका. खाण्याच्या काउंटरवर मागितलं, तर बर्फाचं पाणी कपातून फुकट देतात. फक्त मागताना हळू बोला. वर कुणाच्या कानावर गेलं, तर त्याचाही पास निघेल.