जावयाचं वजन ९२० ग्रॅम

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावर नवा लॅपटॉप आलाय. अंगाने पापड! मुलगा जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलाय, "किलोच्या आत आहे, काकू!" आता वांगी आणल्यासारखं लॅपटॉपचं वजन सांगायची ही कुठली रीत?

हे थेर गाजवलं स्टीव्ह जॉब्सने. २००८च्या जानेवारीत भर सभेत कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट! आणि आत? सीडीचा कप्पा गायब, नेटच्या वायरचं पोर्ट गायब, यूएसबी एकुलतं एक, तेही झडपेआड. २०१५ मध्ये तर कहरच झाला. १२ इंची मॅकबुक, वजन ९२० ग्रॅम, आणि चार्जर, पेनड्राइव्ह, टीव्ही या सगळ्यांना मिळून एकच यूएसबी-सी. एका नळावर अख्खी चाळ!

त्याच वर्षी डेलने एक्सपीएस १३च्या पडद्याची कड इतकी बारीक केली, की कॅमेऱ्याला वर जागाच उरली नाही. बसवला बिचाऱ्याला पडद्याखाली. मग काय, व्हिडिओ कॉलवर थेट नाकपुड्यांचं दर्शन. साहेबांशी बोलताय की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांशी?

बरं, पडदा तरी सुखाचा असावा. फोर-के घ्या, तर चित्र झकास, पण बॅटरी लवकर मान टाकते. चकचकीत काच घ्या, तर खिडकीपाशी बसल्यावर एक्सेलच्या जागी आपलंच तोंड. रॅम तर बहुतेकांत बोर्डालाच डाखलेली. घेताना आठ घेतलीत, की जन्मभर आठ.

आता खरी गंमत ऐका. परवा सोसायटीच्या सभेला हाच पापड प्रोजेक्टरसमोर मिरवायला आला. प्रोजेक्टर जुना, व्हीजीएवाला. मुलाने बॅगेतून एकेक काढायला सुरुवात केली: हब, एचडीएमआयचं शेपूट, कार्ड रीडर, विटेएवढा चार्जर. जावई सडपातळ, पण मानपान टेबलभर! एवढं करून व्हीजीएचं शेपूट नव्हतंच. शेवटी सेक्रेटरींचा अडीच किलोचा धोंडा माळ्यावरून उतरला, तेव्हा कुठे ताळेबंद भिंतीवर उमटला. मी हसले नाही हं. पदर तोंडाला लावला होता.

ॲपललाही उपरती झालीच की. २०२१च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत आली. अंग जरा भरलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या मुलाला म्हटलं, सगळी शेपटं घेऊन ये, आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू. तेव्हापासून तो जिना सोडून लिफ्टने जातोय.

आणि हो, कुणाला सांगू नका. एलजीचा १७ इंची ग्रॅम जेमतेम १,३५० ग्रॅम भरतो म्हणे, तोही एचडीएमआयसकट. यांच्या कानावर घालून ठेवलंय. दिवाळी काही फार लांब नाही.