जागेवरून न उठता संगणक बिघडवण्याची रीत

पूर्वी दुसऱ्या गावचा संगणक बिघडवायचा तर एसटीने तिथवर जावं लागे. आता रिमोट डेस्कटॉप आहे. घरच्या खुर्चीत बसून तालुक्याच्या शाखेतले चौदाच्या चौदा संगणक एका दुपारीत बंद पाडता येतात. मी पाडलेत, म्हणून हे चार शब्द.

साहित्य: एक लॅपटॉप, बरंसं इंटरनेट, आणि पलीकडच्या संगणकाजवळ एक चालतंबोलतं माणूस. ही शेवटची वस्तू कुठल्याच पुस्तकात दिलेली नसते. ती आधी मिळवा.

कृती: प्रथम पलीकडे विंडोज कुठलं आहे ते विचारा. 'होम' असेल तर मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप तुम्हाला आत घेत नाही, 'प्रो' लागतं. तीन तास पासवर्ड बदलत बसल्यावर मला हे कळलं. 'होम'वाल्यांना एनीडेस्क टाकायला सांगा. हे सांगणं अर्थात फोनवर.

"काय दिसतंय?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे काळं?"
"नाही हो, साहेबांच्या नातवाचा फोटो."

मग त्यांना एनीडेस्कचा नंबर वाचायला सांगा. ते मॉनिटरच्या मागचं स्टिकर वाचतील. वाचू द्या, मधे तोडलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

'प्रो'वाल्या संगणकांचे आयपी पत्ते एका कागदावर लिहून घ्या. लाइट जाऊन आली की तो कागद फेकून द्या. राउटर नव्याने पत्ते पिसून वाटू शकतो. मग कॅशिअरचा म्हणून उघडावा तो मॅनेजरसाहेबांचा निघतो. त्यात एकाच खात्यातून शिरलात तर तिकडचा स्क्रीन लॉक होतो. साहेबांचं व्हाउचर अर्धं राहतं आणि ते साऱ्या शाखेला ओरडून सांगतात, कॉम्प्युटर हॅक झाला.

व्हीएनसीत ही भानगड नाही. दोघांना एकच पडदा दिसतो, फक्त माउसची ओढाओढ होते. व्हीएनसी घडवणाऱ्यांत केंब्रिजचे क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर होते. कॉफीच्या भांड्यात कॉफी उरलीय का, हे जागेवरून बघता यावं म्हणून 1991 साली तिथे कॅमेरा लावला गेला, त्यातही ते होतेच. तेव्हा खुर्ची न सोडण्याला परंपरा आहे, संकोच नको.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. राउटरवर 3389 हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका, व्हीपीएनमधून या. आणि बँकेतून बोलतोय म्हणत कोणी एनीडेस्क टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने 2019 सालीच सावध केलंय. पैसे गेलेच तर लगेच 1930 लावा.

आता मुख्य पदार्थ. नेट हळू चालतंय अशी तक्रार येते. तुम्ही पलीकडच्या संगणकात शिरता आणि म्हणता, नेटवर्क कार्ड जरा बंद करून चालू करू. बंद होतं. चालू करायला तुम्ही तिथे असता कुठे? शेखचिल्लीने निदान फांदी तोडताना खाली पाहिलं असेल. 'डिस्कनेक्ट'ऐवजी 'शट डाउन' दाबूनही हीच चव येते.

'शट डाउन'वर वेक-ऑन-लॅनचा उतारा सांगतात. तिकडच्याच दुसऱ्या संगणकावरून एक मॅजिक पॅकेट सोडायचं. त्यात सहा वेळा एफएफ, मग झोपलेल्याचा मॅक पत्ता सोळा वेळा. जप मोठा आहे, पण बायोसमध्ये सोय आधी चालू केलेली हवी. शिवाय आमच्या शाखेत मामा संध्याकाळी भिंतीवरचं बटणच बंद करून जातात. तिथे मंत्र चालत नाही.

म्हणून खरा रिमोट मामा. त्यांना फोन करा, "मामा, तेवढी पिवळी वायर काढून लावा" म्हणा, चहापाण्याची चौकशी करा. सव्वासातच्या एसटीने ते गेले की शाखा सकाळी दहालाच उघडते. नेटवर्क कार्डाला हात लावायचाच असेल तर सातच्या आत लावा.