तीन बाय तीनची सपाटी

कोल्हापुरातल्या जुन्या घरात तयार शॉवर ट्रे बसवायचा निर्णय घरमालक सहसा घेत नाही. पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या मुलानं तो आधीच मागवलेला असतो. तीन फूट बाय तीन फूट, पांढराशुभ्र, अ‍ॅक्रिलिकचा. तो दारात उतरला की पहिलं काम म्हणजे त्यावर कुणालाही चढू न देणं. यात यश येणार नाही. शेजारचे काका चप्पल काढून का होईना, उभं राहून बघतीलच.

मूळ अडचण अशी. ट्रेच्या पोटात ढाळ कारखान्यातच दिलेला असतो, म्हणून त्याच्याखाली जमीन काटेकोर सपाट लागते. आपली न्हाणी मात्र मुद्दाम उतरती केलेली: फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. तीन फुटांत पाऊण इंच झाला. आणि हा बोलण्यातला ढाळ. प्रत्यक्षात फरशी कुठे उतरते ते तिचं तिला ठाऊक. निम्मं पाणी जाळीत जातं, उरलेलं उंबऱ्याशी येऊन घरच्यांची चौकशी करतं. तेव्हा आधी तांब्याभर पाणी ओता आणि बघत बसा. गोटी सोडली तरी चालते, पण ती परत आणायला लहान मूल लागतं.

आता मोजमाप. मिस्त्रीच्या पाणसळीचा बुडबुडा कायम मधोमध दिसेल. इतक्या वर्षांत तो कुणाला दुखवायचं नाही हे शिकलेला असतो. तिची परीक्षा घ्या. एकदा ठेवा, मग टोकं उलटसुलट करून त्याच जागी ठेवा. बुडबुड्यानं बाजू बदलली तर पाणसळ बाजूला ठेवून पारदर्शक नळीत पाणी भरा. नळीत हवा अडकलेली नको, तोंडं दोन्ही उघडी हवीत. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. कोल्हापूरकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याशी 39 फुटांना इशारा देते, 43 ला धोका, आणि 2019 नि 2021 साली कुणाचं जोतं किती खाली आहे ते तिनं गल्लोगल्ली फुकट मोजून दिलं.

मिस्त्री नळीला नाराज असतो. ‘‘मालक, नजरंतच लेव्हल हाय माझ्या!’’ वर दाखला अंबाबाईच्या देवळाचा: मावळतीचे किरण वर्षातून दोनदा थेट मूर्तीपर्यंत पोचतात, तिथं कुणी नळी लावली होती? या युक्तिवादाला उत्तर नाही. चहा सांगावा आणि नळी लावावी.

सगळ्यात उंच कोपरा सापडला की बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला आणा. उंच कोपरा तासायचा मोह टाळा. टाइलखाली वॉटरप्रूफिंग आहे आणि त्याच्याखाली भाडेकरू. गुळगुळीत टाइलवर माल धरत नाही, म्हणून वरवर टाचे मारा. ट्रेचं भोक आणि जुनी जाळी एका रेषेत येणार नाहीत हे धरूनच चाला. पाइप फिरवायला वेगळा माणूस, वेगळा दिवस.

माल एका घमेल्याला चार: सिमेंट एक, चाळलेली वाळू चार. मुठीत दाबला की लाडू व्हावा, बोटांतून पाणी गळू नये. रस्सा पातळ चालतो, माल नाही. तो सगळीकडे पसरून ट्रे वर दाबत बसवा. कोपऱ्याखाली कौलाचा तुकडा सारून पाणसळीचं समाधान करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तसं केलंत तर ट्रे मधे पोकळ राहतो, आणि तालमीतून आलेला शंभर किलोचा भाचा वर उभा राहिला की जो आवाज येतो तो ट्रेचा असतो, भाच्याचा नव्हे.

यानंतर 24 तास कुणी पाय ठेवायचा नाही. दाराला कुलूप लावा, किल्ली काकांना सापडणार नाही अशी ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ आजीची. ती जन्मात कधी उभ्यानं न्हालेली नाही. शॉवरकडे न बघता बादली भरते, ट्रेवर पाट मांडते आणि टेकते. ट्रेला ढाळ आहे, तेव्हा पाट डुगडुगतो. ‘‘एवढं सगळं करून शेवटी वाकडंच बसवलासा न्हवं!’’ आतून आवाज येतो.

कौलाचा तो तुकडा टाकून दिला नसेल, तर तो आता पाटाखाली सारा.